सॉफ्टवेअरवरचा शोधनिबंध कसा तपासतात? – पीअर रिव्ह्यू समजून घेऊया



आपण शिक्षक मंडळी वर्षभरात किती वह्या आणि किती उत्तरपत्रिका तपासतो त्याला गणती नाही. पण शास्त्रज्ञ जे लिहितात ते कोण तपासतं? "तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध केलेलं संशोधन" असं आपण बातम्यांत वाचतो आणि मुलांनाही तसंच सांगतो. हे तपासणं नेमकं कसं चालतं आणि त्यातून काय सुटून जाऊ शकतं, ते आज पाहूया.

त्यासाठी मी एक खास प्रकार निवडला आहे. जीवशास्त्रातल्या माहितीचं विश्लेषण करणारं एखादं सॉफ्टवेअर कुणीतरी तयार करतं, त्यावर शोधनिबंध लिहितं आणि तो तपासायला येतो. विषय प्राथमिकच्या बराच पलीकडचा आहे, मान्य. पण यात ज्या चुका होतात त्या बघितल्या की तुम्ही म्हणाल, अरे, या तर आपल्या वर्गातल्याच! मोजपट्टी एकपासून धरणं, यादी एक ओळ खाली सरकणं, पायऱ्या न दाखवता थेट उत्तर लिहिणं. फरक इतकाच की इथे त्या चुकीची किंमत कधी कधी आजारी माणसाला मोजावी लागते.

पीअर रिव्ह्यू म्हणजे काय?

पीअर म्हणजे बरोबरीचा, आपल्याच क्षेत्रातला. संशोधक आपला निबंध नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो आधी स्वतः चाळतो. ठीक वाटला तर त्याच विषयात काम करणाऱ्या साधारण दोन-तीन जणांकडे पाठवतो. ते वाचून अहवाल लिहितात आणि संपादक निर्णय घेतो: छापा, किरकोळ दुरुस्ती करा, मोठी दुरुस्ती करा, किंवा नको. परीक्षकाला याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. स्वतःचं काम सांभाळून, रात्री-सुट्टीत हे करायचं. पुष्कळ ठिकाणी लेखकाला परीक्षकाचं नाव कळत नाही, काही ठिकाणी दोघांनाही एकमेकांची नावं कळत नाहीत, तर काही ठिकाणी सगळंच उघड असतं.

ही पद्धत फार जुनी असेल असं आपल्याला वाटतं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ साली सुरू झालं हे खरं, पण 'नेचर'सारख्या नामांकित नियतकालिकाने बाहेरच्या परीक्षकांची पद्धत रीतसर लागू केली ती १९७३ मध्ये. त्याआधी संपादकाच्या पसंतीवर बरंच चालायचं. १९३६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'ने आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तर आइन्स्टाइन रागावले आणि निबंधच परत घेतला. गंमत म्हणजे परीक्षकाची शंका बरोबर होती. पुढे दुसरीकडे छापताना त्यांना निष्कर्ष बदलावा लागला. तपासून घ्यायला आवडत नाही ते फक्त आपल्या पाचवीतल्या मुलांनाच, असं काही नाही.

जीवशास्त्रात सॉफ्टवेअर कशासाठी लागतं?

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असं समजा: ए, सी, जी, टी. माणसाच्या पेशीतल्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. यंत्र हा मजकूर सलग वाचत नाही. आज सर्वात जास्त वापरात असलेली यंत्रं साधारण दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात, तेही कोट्यवधी. एका पुस्तकाच्या तीस प्रती घेतल्या, सगळ्यांच्या बारीक पट्ट्या फाडल्या, एकत्र कालवल्या आणि म्हटलं, आता मूळ पुस्तकात कोणती पट्टी कुठली ते सांगा. हे हाताने होणं शक्य नाही. म्हणून सॉफ्टवेअर.

१९९० मध्ये 'ब्लास्ट' नावाचा प्रोग्राम आला. अनोळखी जनुकाचा मजकूर दिला की साठ्यातल्या कोणत्या मजकुराशी तो जुळतो ते तो शोधतो. आज जगभरातल्या प्रयोगशाळा तो वापरतात. नंतर तुकडे जुळवणारे, जनुकांची सक्रियता मोजणारे, प्रथिनांचा आकार सांगणारे, मेंदूच्या चित्रांचं विश्लेषण करणारे असे असंख्य प्रोग्राम आले. या सगळ्या विषयाला आपल्याकडे जैवमाहितीशास्त्र म्हणतात. पुण्याच्या विद्यापीठात तो शिकवलाही जातो.

आता मुद्दा असा. नवा प्रोग्राम तयार झाला की त्यावर निबंध येतो. निबंधात लिहिलेलं असतं: आमचा प्रोग्राम असा चालतो, इतका वेगवान आहे, इतका अचूक आहे. परीक्षकाच्या हातात येतो तो कागद. प्रोग्राम मात्र वेगळाच असतो, हजारो ओळींचा. कागद बरोबर असून प्रोग्राम चुकीचा असू शकतो! गणिताच्या पेपरात मुलाने पायऱ्या न दाखवता फक्त उत्तर लिहिलं तर आपण काय करतो? उत्तर बरोबर असलं तरी पूर्ण गुण देताना हात अडतो. कितीतरी वर्षं वैज्ञानिक सॉफ्टवेअरवरचे निबंध असेच छापले जात होते. उत्तर छापील, पायऱ्या लेखकाच्या संगणकात.

दोन रकाने उलटले आणि पाच निबंध गेले

याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. अमेरिकेत सॅन दिएगो भागातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेफ्री चँग नावाचे संशोधक पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांचा आकार शोधत होते. ही प्रथिनं पंपासारखी असतात, नको असलेले पदार्थ पेशीबाहेर फेकतात. औषध पेशीत टिकत नाही त्यामागे अशा पंपांचा हात असतो, म्हणून विषय महत्त्वाचा. २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांनी अशा एका प्रथिनाचा आकार प्रसिद्ध केला. पुढच्या काही वर्षांत त्याच धर्तीवर आणखी निबंध आले. सगळे परीक्षकांनी तपासलेले.

२००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने तशाच एका पंपाचा आकार प्रसिद्ध केला आणि तो जुळेना. शोध घेतला तेव्हा कळलं की चँग यांच्या प्रयोगशाळेतला एक घरगुती प्रोग्राम आकडेमोड करताना माहितीचे दोन रकाने अदलाबदल करत होता. तेवढ्याने आकार आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटला. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायाची झाली म्हणा ना! डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून निबंध मागे घेतले. एकूण पाच, त्यातले तीन 'सायन्स'मधले.

मला यात सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. मधल्या काळात दुसऱ्या काही संशोधकांचे प्रयोग या आकाराशी जुळत नव्हते. त्यांचे निकाल बरोबर होते, पण छापून आणताना त्यांना अडचणी आल्या, कारण परीक्षक म्हणत, 'सायन्स'मध्ये तर वेगळंच छापलंय. म्हणजे पीअर रिव्ह्यूने आधी चूक आत सोडली आणि मग त्याच चुकीच्या आधाराने बरोबर मुलांना नापास केलं. शिक्षक म्हणून हे वाचताना पोटात कालवतं. उत्तरसूचीत चूक असली की वर्गातली हुशार मुलंच आधी कापली जातात, नाही का?

परीक्षकांचा दोष किती? तो घरगुती प्रोग्राम त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

मग चांगला परीक्षक काय करतो?

सर्वात आधी तो निबंध बाजूला ठेवून प्रोग्राम मिळतो का ते बघतो. दिलेला पत्ता उघडतो का? प्रोग्रामची मूळ ओळन्‌ओळ वाचायला मिळते का? कोणी, कोणत्या अटीवर वापरायचा याचा परवाना आहे का? निबंधातली आकडेमोड कोणत्या आवृत्तीवर केली ते लिहिलंय का? प्रोग्राम रोज बदलतो. आज ३ नंबरची आवृत्ती, महिन्याने ४ नंबरची. म्हणून जी आवृत्ती वापरली ती कायमची जपून ठेवायची असते. झेनोडो नावाचं भांडार त्यासाठीच वापरतात, तिथे ठेवलेल्या प्रतीला कायमचा क्रमांक मिळतो.

मग तो प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर बसवून बघतो. फक्त सोबतच्या सूचना वाचून, लेखकाला न विचारता. इथेच पुष्कळ प्रोग्राम अडतात. अमुक दुसरा प्रोग्राम आधीच असायला हवा, तो सूचनांत लिहिलेलाच नाही. लेखकाच्या संगणकावर तो आधीपासून होता, म्हणून त्याच्या लक्षातच आलं नाही. आपण नवीन शिक्षकाला "पोर्टलवर माहिती भरा" एवढंच सांगतो आणि आधी काय-काय हाताशी लागतं ते सांगायचं राहून जातं, तसं.

बसला की नमुन्याची माहिती देऊन चालवायचा. निबंधात छापलेलं उत्तर येतं का? आलं तर छान. मग मुद्दाम त्रास द्यायचा. रिकामी फाइल द्यायची. मधली ओळ खोडलेली द्यायची. ए, सी, जी, टी ऐवजी भलतंच अक्षर घालायचं. चांगला प्रोग्राम थांबतो आणि सांगतो की बाबा, अमुक ओळीत गडबड आहे. वाईट प्रोग्राम बंद पडतो. आणि धोकादायक प्रोग्राम काहीच न बोलता उत्तर देऊन टाकतो. माझ्या मते परीक्षकाने सर्वात जास्त वेळ या तिसऱ्या प्रकारावर घालवायला हवा, कारण बंद पडलेला प्रोग्राम निदान कुणाला फसवत तरी नाही.

दुसऱ्या संगणकावर चालवण्याचं महत्त्व एका गोष्टीने जगाला पटवलं. २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये रेणूंची रचना ओळखण्याची एक पद्धत छापून आली, सोबत छोटे प्रोग्राम दिलेले. अनेकांनी ते वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातला गट सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांतल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होता. तिथल्या विद्यार्थ्याने जुनी आकडेमोड पुन्हा करून बघितली आणि उत्तर वेगळं आलं. तोच प्रोग्राम, तीच माहिती, संगणकाची कार्यप्रणाली वेगळी, की उत्तर वेगळं! कारण काय, तर प्रोग्राम फाइली ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने घेत होता आणि तो क्रम ठरलेला आहे असं गृहीत धरत होता. प्रत्येक संगणक तो क्रम आपापल्या पद्धतीने देतो.

तुम्ही संगणकावर मुलांच्या नावाऐवजी 'रोल१, रोल२…' अशा फाइली ठेवल्या असतील तर हे तुम्हीही पाहिलं असेल. कुठे रोल१ नंतर रोल२ येतो, तर कुठे रोल१ नंतर थेट रोल१०, रोल११ आणि मग रोल२. आता गुणांची यादी एका क्रमाने आणि नावांची दुसऱ्या क्रमाने जोडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

शून्यापासून की एकपासून?

हा भाग मला सर्वात आवडतो, कारण तो थेट आपल्या पहिली-दुसरीचा आहे.

मुलं मोजपट्टीने पेन्सिल मोजतात तेव्हा काहीजण हमखास पेन्सिलीचं टोक १ च्या खुणेवर ठेवतात. मग ७ सेंटिमीटरची पेन्सिल ८ ची होते. का? कारण वस्तू मोजताना आपण १ पासून मोजतो (एक चिंच, दोन चिंचा), पण पट्टीवर ० पासून. वस्तू मोजणं म्हणजे घरं मोजणं आणि पट्टीवर मोजणं म्हणजे घरांमधल्या भिंती मोजणं. पहिलं घर ० आणि १ या भिंतींच्या मध्ये असतं.

जीवशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी हेच दोन पंथ आहेत. डीएनएवरची जागा लिहिण्याची 'बेड' नावाची एक पद्धत आहे, ती भिंती मोजते. पहिली १०० अक्षरं म्हणजे ० ते १००. लांबी काढायची तर शेवटातून सुरुवात वजा करा: १०० − ० = १००. दुसरी 'जीएफएफ' नावाची पद्धत घरं मोजते. तिथे तीच १०० अक्षरं म्हणजे १ ते १००. आता लांबी काढायची तर वजाबाकी करून एक मिळवायचा: १०० − १ + १ = १००. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर. पण एका पद्धतीची फाइल दुसऱ्या पद्धतीच्या प्रोग्रामला दिली, की प्रत्येक जागा एका अक्षराने सरकते. आणि डीएनएमध्ये तीन-तीन अक्षरांचा एक शब्द असतो! एक अक्षर सरकलं की पुढचे सगळे शब्द बिघडतात. 'कमल नमन कर' एका अक्षराने सरकवून वाचा, मुलं हसून लोळतील.

म्हणून अनुभवी परीक्षक नमुन्याची अगदी छोटी फाइल स्वतः हाताने बनवतो, दहा अक्षरांची, जिचं उत्तर बोटांवर मोजता येईल. ती चालवतो आणि कडेला काय होतं ते बघतो. पहिलं अक्षर धरलं का? शेवटचं सुटलं का? मधल्या भागात सहसा चूक नसते, चूक कडेला असते.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे पुस्तकाची आवृत्ती. माणसाच्या डीएनएचा जो प्रमाण मजकूर सगळे वापरतात, त्याची एक आवृत्ती २००९ ची आहे आणि पुढची २०१३ ची. दोन्ही आजही वापरात आहेत. जुन्या आवृत्तीतला जागेचा क्रमांक नव्या आवृत्तीत भलत्याच ठिकाणी पडतो. पाठ्यपुस्तक बदललं तरी जुन्या पानांचे क्रमांक सांगत बसलं तर वर्गात जो गोंधळ होतो तोच. परीक्षकाने विचारायचं: कोणती आवृत्ती? आणि चुकीची दिली तर प्रोग्राम ओळखतो का?

एक ओळ सरकली तर

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये दावा केला की पेशीतल्या जनुकांची सक्रियता बघून कोणत्या कर्करुग्णाला कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येतं. किती आशेची गोष्ट! ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनाही ती वापरायची होती. त्यांनी आपल्या दोन संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांना, तपासायला सांगितलं. त्या दोघांनी छापील माहितीवरून मागे-मागे जात पायऱ्या शोधून काढल्या. त्यात काय सापडलं? जनुकांची यादी एक ओळ सरकलेली. म्हणजे ज्या जनुकाचं नाव लिहिलंय त्याच्या शेजारच्याचे आकडे. आणि काही ठिकाणी 'औषध लागू पडतं' आणि 'लागू पडत नाही' हे शिक्के उलटे.

हजेरीच्या यादीत शीर्षकाची ओळ धरली आणि गुणांच्या यादीत धरली नाही, की प्रत्येक मुलाला शेजाऱ्याचे गुण मिळतात. आपल्याकडे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात आणि चूक कळते. इथे मात्र २००७ पासून त्या पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. बॅगर्ली-कूम्ब्स यांचा लेख शेवटी २००९ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात आला. चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या. मूळ निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. पुढे सरकारी चौकशीत हेही ठरलं की मुख्य संशोधकाने माहितीत फेरफारही केला होता. म्हणजे सगळंच काही अनवधानाने घडलं नव्हतं. पण परीक्षकाकडे पहिल्या दिवशी पायऱ्या असत्या, तर चूक असो वा लबाडी, दोन्ही लवकर उघड्या पडल्या असत्या.

एक्सेलचं तर विचारूच नका. आपण '५-२' लिहावं आणि त्याने ५ फेब्रुवारी करावं, हा अनुभव सगळ्यांना आहे. सेप्ट२ आणि मार्च१ अशी खरोखरची जनुकांची नावं होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. ही तक्रार २००४ मध्येच छापून आली होती. २०१६ मध्ये एका गटाने निबंधांसोबतच्या एक्सेल फाइली तपासल्या, तर जनुकांच्या याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या भागात अशा चुका निघाल्या. सगळे निबंध परीक्षकांच्या हाताखालून गेलेले! शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हार मानून जनुकांचीच नावं बदलली. मार्च१ चं झालं मार्चएफ१. नंतर २०२३ मध्ये एक्सेलनेही ही सवय बंद करण्याची सोय दिली.

स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा

सॉफ्टवेअरच्या निबंधात एक तक्ता हमखास असतो: आमचा प्रोग्राम आणि जुने प्रोग्राम. आमचा नेहमी पहिला! परीक्षकाने इथे थोडं संशयी व्हायला हरकत नाही. स्वतःचा प्रोग्राम नीट पारखून, सगळी बटणं जुळवून चालवला आणि जुना मात्र जसा आला तसा चालवला, तर ती शर्यत बरोबरीची नाही. शर्यतीसाठी वापरलेली माहिती कुणी निवडली? लेखकानेच कृत्रिमरीत्या तयार केली असेल तर ती त्याच्याच पद्धतीला सोयीची असणार.

हल्ली यंत्राला उदाहरणं दाखवून शिकवतात, तिथे तर जास्तच जपावं लागतं. वर्गात सोडवून घेतलेलीच गणितं परीक्षेत दिली, तर मुलांना गणित आलं की पाठ झालं ते कळत नाही. प्रथिनांच्या बाबतीत हे लपून होतं. परीक्षेसाठी वेगळी ठेवलेली प्रथिनं शिकवलेल्या प्रथिनांची सख्खी-चुलत भावंडं निघतात. फक्त आकडे बदललेलं गणितच ते. चांगला परीक्षक विचारतो, दोन गट करताना नातेवाईक वेगळे काढले का?

आणि योगायोगाचा प्रश्न. एका वेळी २०,००० जनुकं तपासली आणि प्रत्येक वेळी शंभरात पाच चुका चालवून घेतल्या, तर काहीही नसताना १,००० जनुकं 'महत्त्वाची' निघतील. ही गोष्ट पटवण्यासाठी अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा मेंदू तपासायच्या यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची चित्रं दाखवली. योगायोगाची दुरुस्ती न करता आकडेमोड केली, तर मेलेल्या माशाचा मेंदू 'विचार करताना' दिसला! २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं.

गंमत सोडा, पण २०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या संशोधकांनी ४९९ निरोगी लोकांची, नुसतं पडून असतानाची, मेंदूची चित्रं घेऊन तीन प्रसिद्ध प्रोग्राम तपासले. शंभरात पाच चुका अपेक्षित होत्या, काही पद्धतींत त्या सत्तरपर्यंत गेल्या. एका प्रोग्राममध्ये तर १५ वर्षं दडलेली चूक सापडली. आणि हा निबंधही सुटला नाही. त्यात सुरुवातीला ४०,००० अभ्यासांवर प्रश्नचिन्ह आहे असं विधान होतं, ते लेखकांना नंतर दुरुस्त करावं लागलं.

अहवाल कसा लिहायचा?

आपल्या शेऱ्यांसारखंच आहे हे. 'सुधारणा आवश्यक' एवढंच लिहिलं तर मुलाला काय कळणार? चांगला अहवाल आधी दोन-चार वाक्यांत सांगतो की मला निबंध असा समजला. यातच लेखकाला कळतं की परीक्षकाने वाचलंय की नाही. मग मोठे आक्षेप, मग किरकोळ. "प्रोग्राम चालत नाही" असं न लिहिता "अमुक कार्यप्रणालीवर, अमुक आवृत्ती, सूचनांची चौथी पायरी केल्यावर हा संदेश आला" असं लिहायचं. माणसावर नाही, कामावर बोलायचं. पलीकडे बहुधा एखादी विद्यार्थिनी असते, जिची तीन वर्षं त्या प्रोग्राममध्ये गेलेली असतात.

आणि जे तपासलं नाही तेही लिहायचं. जीवशास्त्र जाणणाऱ्याला प्रोग्रामची भाषा येतेच असं नाही आणि उलटही. "मी गणिताचा भाग तपासलेला नाही, त्यासाठी दुसरा परीक्षक बघावा" हे संपादकाला सांगण्यात कमीपणा काय? लेखकाशी वैर किंवा मैत्री असेल तर काम घ्यायचंच नाही, आणि छापून येईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही, हे तर आलंच.

हे सगळं फुकटात, काही आठवड्यांत. त्यामुळे हजारो ओळींचा प्रोग्राम ओळन्‌ओळ वाचणारा परीक्षक विरळाच. म्हणून काही ठिकाणी पद्धतच बदलली. २०१६ मध्ये 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' सुरू झालं. तिथे निबंध अगदी छोटा, तपासणी मुख्यतः प्रोग्रामची आणि सगळी उघड्यावर. परीक्षकाला तपासयादी दिलेली असते: परवाना आहे का, बसतो का, सांगितलेलं काम करतो का, उदाहरण आहे का, चाचण्या आहेत का. एकेका चौकटीत खूण करत जायचं. लेखक तिथेच उत्तर देतो, दुरुस्ती करतो, कुणीही वाचावं. जैविक माहितीसाठीच्या 'बायोकंडक्टर' या २००१ पासूनच्या उपक्रमातही नवा प्रोग्राम घेण्याआधी माणूस तपासतो. शिवाय यंत्र तो निरनिराळ्या कार्यप्रणालींवर पुन्हा पुन्हा बांधून बघत राहतं. मला ही पद्धत जास्त पटते. एकदाच घेतलेल्या वार्षिक परीक्षेपेक्षा वर्षभराचं सातत्यपूर्ण मूल्यमापन बरं, तसं.

वर्गात करून पाहा

चौथी ते सातवीला जमेल. तीन-तीन मुलांचे गट करा. पहिल्याने कागदी होडीची कृती लिहायची, चित्र न काढता. दुसऱ्याने फक्त तो कागद वाचून होडी करायची. पहिल्याने बोलायचं नाही, हातवारेही नाहीत, हे फार अवघड जातं त्यांना. तिसऱ्याने दुसरा कुठे अडला ते लिहायचं: पायरी क्रमांक, काय वाचलं, काय केलं. मग कागद पहिल्याकडे परत, त्याने दुरुस्ती करायची आणि सुधारलेली कृती शेजारच्या गटाला द्यायची, ज्यांनी ती आधी पाहिलेली नाही. कागद एका गटाला चौकोनी आणि दुसऱ्याला लांबट दिलात तर आणखी मजा येते. "कागद लांबट घ्या" हे पहिल्या फेरीत सहसा कुणी लिहितच नाही.